इंजिन सारखं ‘एअर’ घेतंय? हवा काढत बसू नका, भोक शोधा

बोटीचं डिझेल इंजिन ‘एअर’ घेतंय, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय, ही तक्रार नेहमीची आहे. जेटी सोडताना इंजिन ठणठणीत असतं. अर्धा-पाऊण तास फुल्ल चाललं की आवाज बदलतो, आरपीएम खाली येतात, पुन्हा वर जातात आणि मग इंजिन बसतं. खलाशी खाली उतरतो, फिल्टरवरचा, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू ढिला करतो, हँड पंप मारतो. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला की इंजिन पुन्हा लागतं. दुसऱ्या दिवशी हेच. पंधरा दिवसांनी सगळ्यांना त्याची इतकी सवय होते की पाना ब्लीड स्क्रूजवळच ठेवलेला असतो.

मी बोलतोय ते आपल्या किनाऱ्यावरच्या घरगुती बांधणीच्या बोटींबद्दल. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठेही जा: सांगाडा सुताराने बांधलेला, इंजिन ट्रकचं, चार किंवा सहा सिलिंडरचं, त्याला बोटीचा गिअरबॉक्स आणि पाण्याचं कूलिंग जोडलेलं. टाकी वेल्डरने केलेली, पाइप फिटरच्या हाताशी होते ते. अशी इंजिनं वर्षानुवर्षं उत्तम चालतात, त्याबद्दल शंका नाही. पण ट्रकमध्ये डिझेलची टाकी उघड्यावर, चॅसीच्या बाजूला असते. तिथे पाइप पाझरला तर डिझेल रस्त्यावर सांडतं. बोटीत ते कुठेही जात नाही, इंजिनाखालच्या तळात साठून राहतं. म्हणून ट्रकचं इंजिन बोटीत आणताना डिझेलची लाइन ट्रकसारखी ठेवून चालत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच. ज्या भोकातून इंजिन चालू असताना हवा आत जाते, त्याच भोकातून इंजिन बंद असताना डिझेल बाहेर येऊ शकतं. ‘एअर घेतंय’ ही चालण्याची तक्रार वाटते, पण ती गळतीची तक्रार आहे. आणि बंद इंजिनखोलीतली गळती म्हणजे आगीची तयारी.

भोक एक, लक्षणं दोन

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप हा ओढणारा भाग. तिथे पंप डिझेल खेचत असतो, त्यामुळे पाइपाच्या आत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. शहाळ्याच्या नळीला मधेच चीर गेली की पाणी वर येत नाही, नुसती हवा येते, इथेही तसंच. चीर असूनही बाहेर थेंब दिसत नाही, म्हणून फिटर पाइपावरून हात फिरवतो आणि ‘सगळं कोरडं आहे’ म्हणतो.

इंजिन बंद झाल्यावर काय होतं हे टाकीच्या उंचीवर ठरतं. टाकीतलं डिझेल भोकाच्या वर असेल तर रात्रभर थेंब थेंब खाली पडतं. टाकी खाली असेल तर पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. सकाळी उशिरा लागणारं इंजिन आणि तळाच्या पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग या दोन्ही गोष्टींचं मूळ बऱ्याचदा एकच चीर असते. टाकी भरलेली असताना तवंग आणि अर्ध्याखाली गेल्यावर स्टार्टिंगचा त्रास, असं आलटून पालटून होत असेल तर मला मग फारसा संशय राहत नाही.

फीड पंपाच्या पुढचा भाग दाबाखाली असतो. तिथे गळती झाली तर डिझेल बाहेर पडताना दिसतं. रिटर्न लाइनची गोष्ट मात्र फसवी आहे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलवरून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या त्या बारीक, कापड गुंडाळलेल्या रबरी नळ्या फुटल्या तर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही. एअर घेत नाही, आरपीएम पडत नाही, कोणी तक्रार करत नाही. आणि त्या नळ्या बसलेल्या असतात गरम हेडच्या वर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) वीतभर अंतरावर. म्हणून एअरचा शोध घ्यायला बसलात की रिटर्नही बघाच. त्या नळ्या स्वस्त आहेत. कडक झाल्या असतील तर सगळ्या एकदम बदला.

‘डिझेल कुठे पेटतंय?’

हा प्रश्न हमखास येतो. जळती काडी डिझेलच्या बादलीत विझते, हे दाखवणारेही भेटतात. बादलीतल्या गार डिझेलबाबत ते बरंचसं खरं आहे. पण पंपावर मिळणाऱ्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाली तर पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला सुटते तो बिंदू, भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. बहुतेक डिझेल त्यापेक्षा बरं असतं, पण हमी एवढ्याचीच. मोठ्या जहाजांच्या इंजिनखोलीत वापरायच्या इंधनाला आंतरराष्ट्रीय नियम साधारणपणे ६० अंशांची अट घालतात. आता मे महिन्यातली आपली बंद इंजिनखोली आठवा. तिथे ४५-५० अंश काही विशेष नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डिझेलला ठिणगी लागतेच असं नाही. साधारण २१० ते २५० अंशांच्या आसपास ते नुसत्या उष्णतेने पेटू शकतं. पाण्याचं जॅकेट नसलेला मॅनिफोल्ड आणि टर्बो फुल्ल लोडवर त्याच्या खूप वर जातात. म्हणूनच मोठ्या जहाजांवर २२० अंशांच्या वर तापणारा आणि जिथे इंधन उडू शकतं असा प्रत्येक पृष्ठभाग झाकावा लागतो. आपल्याकडे एक्झॉस्टला दोरी किंवा पट्टी गुंडाळतात, ते चांगलंच आहे. पण त्या गुंडाळीवर डिझेल मुरलं की तीच वात होते. डिझेलने ओली झालेली गुंडाळी वाळेल म्हणून ठेवू नका, काढून फेका आणि नवी घाला. त्यावर वरून पत्र्याचं आवरण असेल तर उत्तम, म्हणजे शिंतोडा आत मुरत नाही.

आधी खात्री करा की ती हवाच आहे

आरपीएम पडण्याची कारणं तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. पाना उचलण्यापूर्वी ही खूण ओळखा, नाहीतर चांगले जॉइंट उघडून बिघडवाल.

सगळ्यात सोपी चाचणी टाकीच्या श्वासनळीची, म्हणजे टाकीत हवा येऊ देणाऱ्या व्हेंटची. इंजिन बसायला लागलं की टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि मिनिटभरात इंजिन सावरलं, तर व्हेंट बंद आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि त्या काळात व्हेंटच्या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर करते. हंगामाच्या पहिल्या फेरीतच इंजिन बसलं तर आधी तिथे तार घालून बघा. व्हेंटच्या तोंडाला बारीक पितळी जाळी लावा, आणि तोंड इंजिनखोलीत नको, बाहेर हवे. पाइपाला उलट्या यू आकाराचं वळण द्या, म्हणजे लाट आत जाणार नाही.

इंजिन बसतं, दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुरू होतं, पुन्हा तासाभराने बसतं, आणि ब्लीड केल्यावर फेस येतच नाही? मग टाकीत कचरा आहे. ओढ लागली की तो सक्शनच्या तोंडाशी येऊन चिकटतो, ओढ थांबली की सुटून खाली बसतो. काही टाक्यांत सक्शन पाइपाच्या टोकाला आतून जाळी बसवलेली असते. ती काढून टाका. टाकीच्या आत जी साफ करता येत नाही ती जाळी नकोच. गाळायचं काम बाहेरच्या फिल्टरने करावं, जिथे हात पोचतो.

पांढरा धूर, ठोके, आरपीएमची वर-खाली ही पाण्याची खूण. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी, वर डिझेल, आणि मधे काळपट-तपकिरी बुळबुळीत थर दिसला तर ते जंतूंचं काम. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच ते वाढतात. दोन महिने अर्धी टाकी ठेवली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर पाणी होऊन खाली उतरतो. म्हणून बोट वर ओढताना टाकी एक तर पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी आणि पुसलेली. पेट्रोल पंपवाले पट्टीला लावतात ती पाणी ओळखायची पेस्ट बोटीच्या टाकीलाही चालते.

फेस येतोच आहे, व्हेंट मोकळा आहे, नमुना स्वच्छ आहे, तेव्हाच म्हणा की हवा घेतंय.

भोक शोधायचं कसं

पहिली चाचणी वेगळ्या कॅनची. दहा-वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, हलणार नाही असा बांधा, त्यात ताजं डिझेल घाला. फीड पंपाला नव्या रबरी नळीने थेट या कॅनमधून ओढायला लावा. रिटर्नही याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. बोट जेटीला पक्की बांधून गिअरमध्ये लोडवर, एरवी त्रास सुरू होतो त्याहून जास्त वेळ चालवा. कॅनजवळ एक माणूस सतत बसलेला असू द्या, कारण परत येणारं डिझेल गरम असतं आणि कॅन तापत जातो. एवढं चालवून त्रास झाला नाही तर दोष टाकी आणि पंप यांच्या मधे आहे. अर्धं काम झालं.

दुसरी चाचणी पारदर्शक नळीची. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घाला आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर तीच नळी फिल्टरच्या मागे, टाकीकडे न्या. जिथे बुडबुडे यायचे थांबतील त्याच्या पुढच्या, पंपाकडच्या तुकड्यात भोक आहे. ही नळी फक्त चाचणीपुरती, फक्त जेटीवर. चाचणी झाली की काढा. ‘बुडबुडे दिसतील, राहू दे’ म्हणून ती तिथेच ठेवलेल्या बोटी मी पाहिल्यात. ती प्लास्टिकची नळी डिझेलने कडक होते, क्लिपखाली तडकते, आणि आग लागली तर पहिल्या काही सेकंदांत वितळून टाकीचं तोंड उघडं करते.

तिसरी चाचणी हवेची, आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. सक्शन लाइन टाकीपासून आणि पंपापासून सोडवा, एक टोक बंद करा, दुसऱ्या टोकाने सायकलच्या पंपाने हवा भरा. तीन-चार पीएसआय पुरे, सायकलच्या चाकात भरतो त्याच्या कितीतरी कमी. प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावा. जिथे फुगा येतो ते भोक. कॉम्प्रेसर लावू नका. टाकीला दाब देऊ नका. आणि वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरने डिझेलची लाइन कधीही, कोणत्याही कारणाने फुंकू नका. डिझेलच्या थरावर दाबाचा ऑक्सिजन गेला तर स्फोटच होतो.

नोझलकडे जाणारे स्टीलचे पाइप ही वेगळी बाब आहे. तिथला दाब शेकडो बारचा असतो. गळती शोधायला त्यावर बोट फिरवू नका, बारीक फवारा कातडी भेदून आत जातो आणि बाहेरून टाचणीएवढीच जखम दिसते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा. आणि तसं कधी झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा.

जाता जाता ऑइलची डिपस्टिकही बघा. ऑइलची पातळी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपातून किंवा इंजेक्शन पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मग इंजिन चालवू नका.

भोक बहुतेक कुठे सापडतं

बँजो बोल्टच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरखाली. जुना वॉशर पुन्हा घातला की तो दबत नाही, कारण आवळून आवळून कडक झालेला असतो. नवा मिळत नसेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवा, तांबं मऊ पडतं; मग काजळी पुसून घाला. त्याऐवजी टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पंपात जातात.

त्यानंतर फिल्टरच्या वरची रबरी रिंग. नवी घालताना जुनी वरच्या खाचेतच चिकटून राहते आणि दोन रिंगा एकावर एक बसतात. मग कितीही आवळा.

मग तांब्याचा पाइप. इंजिन लाकडी बेडवर बोल्टने घट्ट बसवलेलं, टाकी बोटीच्या अंगाला, आणि मधे सरळ तांब्याचा पाइप. इंजिन थरथरतं, टाकी थरथरत नाही. सगळी थरथर नटजवळच्या जागी येते आणि तिथे केसाएवढी चीर पडते. टाकीकडून येणारा धातूचा पाइप इंजिनाजवळ संपवा, क्लॅम्पने बोटीला बांधा आणि शेवटचा हातभर भाग लवचिक ठेवा. ती नळी आगीत टिकणारी घ्या. सागरी वापराच्या इंधननळीवर ‘आयएसओ ७८४०’ असं छापलेलं असतं. अशी नळी अडीच मिनिटं ज्वाळेत धरून तपासलेली असते. अडीच मिनिटांत टाकीचा व्हॉल्व्ह बंद करता येतो.

एम-सील, साबणाची वडी, सायकलच्या ट्यूबची पट्टी: समुद्रात अडकलात तर घरी परतण्यापुरतं हे करावं लागतं, मान्य आहे. पण जेटीला लागल्यावर तो पाइप बदलायचाच. टाकीला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जीआय पाइप नको. जस्त आणि डिझेल मिळून चिकट साका तयार होतो आणि तो थेट फिल्टरमध्ये जातो.

जो उपाय सगळे करतात आणि करू नये

एअर घेणं थांबत नाही म्हणून टाकी वर चढवतात, केबिनच्या मागे किंवा छपरावर. वरून डिझेल आपोआप उतरतं, ओढ लागत नाही, हवा जात नाही. इंजिन सुरळीत चालतं आणि सगळे खूश होतात. मला या उपायाची खरोखर भीती वाटते. भोक तिथेच आहे. फक्त आधी ते हवा आत घेत होतं, आता चोवीस तास डिझेल बाहेर सोडतंय. नळी तुटली तर पूर्वी इंजिन बंद पडलं असतं. आता इंजिन बंद पडेल आणि वरची सगळी टाकी गरम मॅनिफोल्डवर रिकामी होईल.

जागेअभावी टाकी वरच ठेवावी लागत असेल तर टाकीच्या बुडाशीच धातूचा व्हॉल्व्ह हवा, आणि तो इंजिनखोलीत न उतरता बाहेरून, तारेने किंवा दांड्याने, ओढून बंद करता आला पाहिजे. आग लागल्यावर कोणी खाली जाऊ शकत नाही. रोज संध्याकाळी बोट सोडताना तो बंद करा, म्हणजे तो गंजून जाम होणार नाही आणि तांडेलापासून नव्या खलाशापर्यंत सगळ्यांच्या हाताला सवय होईल. रिटर्न लाइनवर मात्र व्हॉल्व्ह बसवू नका. तो बंद असताना कोणी इंजिन सुरू केलं तर नळ्या फुटतील.

टाकीच्या बाजूला डिझेलची पातळी बघायला जी उभी प्लास्टिक नळी असते, तिच्या खालच्या टोकाला दाबल्यावरच उघडणारा आणि सोडल्यावर आपोआप बंद होणारा कॉक लावा. तो मिळत नसेल तर नळी काढा आणि पट्टी वापरा. काचेसारख्या प्लास्टिक वाटीचा फिल्टर असेल तर त्याखाली धातूचं कवच हवं.

पेट्रोलवाल्यांसाठी

पर्यटकांना फिरवायला काही जण कारचं पेट्रोल इंजिन बोटीत बसवतात. वरच्या चाचण्या तिथे करू नका, ना कॅनची, ना पारदर्शक नळीची. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेटेल इतकी वाफ सोडतं, ती वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने तळाशी साठते, आणि हवेत दीड टक्क्याहून कमी असली तरी स्फोट होतो. कारचा स्टार्टर आणि अल्टरनेटर आत ठिणगी पाडतात, कारचा कार्बुरेटर ओसंडला तर बाहेर सांडतो. सागरी वापराचे हे भाग वेगळे मिळतात आणि तेच घ्यावे लागतात. कार्बुरेटरवर बॅकफायरची ज्वाला अडवणारी जाळी अमेरिकेत १९४० पासून कायद्याने सक्तीची आहे. स्टार्टर मारण्यापूर्वी तळातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर किमान चार मिनिटं चालवायचा, आणि त्यानंतरही नाकाला वास आला तर किल्ली फिरवायची नाही. हे सगळं करणं जमत नसेल तर तळात पेट्रोल इंजिन बसवू नका, बाहेर लावायचं मशीन घ्या.

दुरुस्तीनंतर

नवे वॉशर, नवी नळी बसल्यावर तळ पूर्ण कोरडा करा. साबणाच्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा. तवंगाचं पाणी समुद्रात उपसू नका, डब्यात भरून जेटीवर न्या. तळ स्वच्छ नसेल तर नवी गळती कळणारच नाही. मग क्रमाने हवा काढा: आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग मुख्य फिल्टर, मग इंजेक्शन पंप, शेवटी लागलीच तर नोझलचे नट. बाहेर येणारं डिझेल डब्यात धरा, इंजिनावर ओघळू देऊ नका.

जेटीला बांधून तासभर लोडवर चालवा आणि गरम असतानाच प्रत्येक जॉइंट टॉर्चने बघा. थंडपणी घट्ट वाटणारा बँजो गरम झाल्यावर पाझरू शकतो. इंजिन बंद करा, प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, त्यावर जॉइंटचं नाव लिहा आणि टाकीचा व्हॉल्व्ह त्या एका रात्रीपुरता उघडा ठेवा. सकाळी कुठल्या कागदावर डाग आहे तो जॉइंट पुन्हा उघडायचा. सगळे कागद कोरडे असले आणि इंजिन ब्लीड न करता लागलं, तरच बोट बाहेर काढा.